कुणाला काही सांगायचंय?

४ जानेवारी

ती. मावशीस,
नमस्कार.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या मनाचं ऐकतेस. परवा मी "वॉर्ड मिळाला" म्हटलं, तर तू "मुलगा मिळाला!" म्हणून घर डोक्यावर घेतलंस. तुझ्या सुनेने फोन हातात घेतला म्हणून वाचले. तेव्हा यापुढे पत्रच बरं. चष्मा लाव आणि नीट वाच.

मुलगा नाही, वॉर्ड मिळाला. ऑपरेशन झालेल्या पेशंटांचा. जिथे तू आधी इनचार्ज होतीस आणि नंतर सगळ्या हॉस्पिटलची मेट्रन झालीस तरी जिथलं टेबल सोडलं नाहीस, तोच. ते टेबल आता माझं आहे. त्याचा खण अजून अडकतो. गुडघ्याने ढकलायचा असतो, हे मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे आपले स्ट्रेचरवाले. अजून तसेच आहेत, फक्त मिशी पांढरी झाली आहे.

आल्या आल्या मी एक उद्योग आरंभला आहे, तो तुला सांगायचाय. गेल्या वर्षी इथे एका बाईंना न सोसणारं औषध दिलं गेलं. त्यांनी भरती होताना सांगितलं होतं की ते चालत नाही. तीन सिस्टरना हे ठाऊक होतं. मोठ्या सरांनी तेच औषध सांगितलं आणि तिघी गप्प बसल्या. एकीला वाटलं, सरांनी विचार केला असेल. दुसरीला वाटलं, तिसरी सांगेल. बाई वाचल्या, पण मला ती गोष्ट विसरता येईना.

म्हणून आता रोज सकाळी राउंडच्या आधी आम्ही सगळे एकत्र बसतो. सर, शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, मामा, झाडू-पोछा करणाऱ्या बाई, सगळे. मी विचारते, "कुणाला काही सांगायचंय?" ज्याला ज्या पेशंटची काळजी वाटते त्याने बोलायचं. काळजी खोटी निघाली तरी चालेल. बोलल्याबद्दल कुणी कुणाला रागवायचं नाही, एवढा एकच नियम. मोठे सर लगेच हो म्हणाले. "करा की. मी कधी कुणाचं तोंड धरलंय?" म्हणाले. हे म्हणताना ते इतक्या जोरात बोलले की शिकाऊ डॉक्टर मागे सरकला.

पहिल्या दिवशी मी विचारलं आणि सगळे आपापल्या चपला बघत बसले. शेवटी मामांनी हात वर केला. मला कोण आनंद! तर म्हणतात, "सांगायचंय एवढंच, की चहा निवतोय."

बघू. हसले तरी सगळे.

तुझी,
ठकू

१५ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सूनबाईने वाचून दाखवते म्हटलं, मी म्हटलं नको, डोळे अजून शाबूत आहेत. दोनदा वाचलं.

टेबल मिळालं, आनंद झाला. तुझी आई असती तर आज सगळ्या आळीला सांगत सुटली असती. तिच्या वाटचं मी सांगितलं.

आता तुझ्या बैठकीबद्दल. तू लहानपणापासून अशीच. जेवायला बसलं की "पण का?" आमच्या वेळी राउंड सुरू झाला की वॉर्डमधला पंखासुद्धा विचारून फिरायचा. त्यात माझा काही दुष्टपणा नव्हता. सर्जनचं डोकं शांत राहिलं तर पेशंटचं भलं होतं, इतकं साधं होतं ते. सरांना मी ते नवखे होते तेव्हापासून ओळखते. जीभ तिखट आहे पण हात असा की टाका घातलेला दिसू नये. माझ्यावरही कमी ओरडले नाहीत. मी मनावर घेतलं नाही.

तरी तुला नाही म्हणत नाही. काळ बदलला, मुली बदलल्या. फक्त एवढं बघ, लोकांना बोलायला लावणं सोपं असतं. बोललेलं झेलायचं कुणी, ते आधी ठरव.

आपली जुनी सिस्टर, अक्का, काय म्हणते? ती माझ्या हाताखाली तयार झाली आहे. तिला धरून राहा. वॉर्ड तिच्या ओंजळीत आहे.

तुझी,
मावशी

९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
नमस्कार.

बैठक चालू आहे! झाडणाऱ्या बाईंनी सांगितलं की कोपऱ्यातल्या आजोबांच्या ताटातलं रोज तसंच परत येतं. बघितलं तर त्यांची कवळी घरी राहिली होती आणि लाजेने ते कुणाला सांगत नव्हते. मुलगा कवळी घेऊन आला, आजोबा जेवायला लागले. त्या दिवशी त्या बाई झाडू असा मारत होत्या की लादीला चकाकी आली.

अक्काचं मात्र अवघड आहे. येते, हाताची घडी घालते आणि भिंतीकडे बघते. परवा सगळ्यांसमोर म्हणाली, "मेट्रनबाईंच्या वेळी हे असलं काही नव्हतं, आणि पेशंट बरे होऊन घरी जायचेच की." तुझं नाव आल्यावर मी काय बोलणार? नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, अक्का, तुला नक्की काय खुपतंय? तर म्हणाली, "आम्ही त्या कपड्यांच्या खोलीत तोंडात पदर कोंबून रडलोय. म्हणून शिकलो. या पोरींना रडायलाच नको, मग शिकणार कधी?" ती मनापासून बोलत होती गं.

आणि एक गंमत. आमच्याकडे एक नवी सिस्टर आली आहे, नुकती शिकून आलेली. अंगाने काडी, म्हणून सगळे तिला बारकी म्हणतात. लाजाळू, पण पेशंटजवळून हलत नाही. तिला बोलतं करायला मी फार मागे लागले होते. गेल्या आठवड्यात एक पोस्टमन होता, हर्नियाचं ऑपरेशन झालेला. दुपारी बारकीला वाटलं त्याचा श्वास नीट नाही. तिने थेट सरांना घरी फोन केला. मीच सांगितलं होतं, शंका आली की करायचा. सर जेवणावरून उठून आले. तपासलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, आणि तेवढ्यात पोस्टमनने एक लांबलचक ढेकर दिली. इतकी मोठी, की पलीकडच्या खाटेवरचा जागा झाला. "आता मोकळं वाटतंय," म्हणतो!

आम्ही हसून हसून बेजार. आणि मुख्य म्हणजे सर रागावले नाहीत, मावशी! तेही हसले. दुसऱ्या दिवशी बैठकीत येताच बारकीला म्हणाले, "काय ज्योतिषीबाई, आज कुणाची वेळ भरली?" आता तेच नाव पडलंय तिला. मामासुद्धा स्ट्रेचर नेताना तिला हात दाखवून भविष्य विचारतात. वर्षभरापूर्वी सरांनी तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं. आहे की नाही सुधारणा?

तुझी,
ठकू

२० फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

ढेकरेचं वाचून मी एकटीच इतकी हसले की सूनबाई धावत आली, काय झालं म्हणून. हसण्यावारी गेलं, छान झालं. थट्टा झाली म्हणजे माणूस आपल्यातला झाला.

अक्काचं मात्र मला आवडलं नाही. माझं नाव ढालीसारखं पुढे धरून माझ्याच भाचीला अडवायचं म्हणजे काय? मी तिला कडक पत्र धाडलं आहे. स्पष्ट लिहिलं, इनचार्ज सांगते तसं वागायचं, बैठकीत रोज बोलायचं, यात हयगय चालणार नाही. बघ आता कशी सरळ येते.

गुडघे दुखतात. बाकी ठीक.

तुझी,
मावशी

१२ मार्च

ती. मावशीस,
नमस्कार.

अक्का सरळ आली. तुझं पत्र मिळाल्यापासून ती रोज बोलते. मी विचारलं की उभी राहते आणि म्हणते, "पाचव्या खाटेचं ड्रेसिंग करायचं आहे." तेवढं बोलून खाली बसते. दुसऱ्या दिवशी, "सहाव्या खाटेचं ड्रेसिंग करायचं आहे." जणू शाळेत हजेरी देतेय. तिचं बघून बाकीच्याही तसंच करतात. एकजण उठते, "काही नाही, सगळं ठीक आहे." पुढची उठते, "सगळं ठीक आहे." मावशी, राग मानू नकोस, पण अक्काला पुन्हा लिहू नकोस. तुझ्या वेळचा हुकूम म्हणून ती गप्प होती आणि आता तुझाच हुकूम झाला म्हणून बोलते आहे. मला यातलं काहीच नको होतं.

हॉस्पिटलचे अधीक्षक मात्र भलतेच खूश आहेत. त्यांनी आमच्या बैठकीचा फोटो काढून मोठा छापून घेतला आणि जिन्यात लावला. वर ठळक अक्षरांत, "बोला, आम्ही ऐकतो." फोटोत मधोमध बारकी आहे, हसणारी. फोटोवाल्याने तीनदा "हसा" म्हणून सांगितल्यावर हसली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या हॉस्पिटलांचे लोक येणार आहेत, त्यांच्यासमोर मी या उपक्रमावर भाषण करायचं आहे.

बारकी आता रुळली. आधीसारखी उठसूट घाबरत नाही. बैठकीत तीही "सगळं ठीक आहे" म्हणते. कामात चोख आहे. मी तिला म्हटलं, बघ, किती धीट झालीस. तर नुसती मान हलवली.

तुझी,
ठकू

२ मे

चि. ठकूस,
आशीर्वाद.

एप्रिल अख्खा गेला, तुझं अक्षर नाही. भाषण कसं झालं तेही कळवलं नाहीस. फोन केला तर "नंतर बोलते" एवढंच ऐकू आलं, आणि ते मी माझ्या मनाचं ऐकलं असं वाटत नाही.

काल अक्काचं पत्र आलं. तिने फक्त इतकंच लिहिलंय, "वॉर्डमध्ये एक वाईट गोष्ट झाली, ठकूबाई सांगतील." काय झालं? तू बरी आहेस ना? दोन ओळी टाक. मला कल्पना करत बसायला लावू नकोस.

तुझी,
मावशी

९ मे

ती. मावशीस,
नमस्कार.

दोन ओळींत मावेल असं नाही. बरेच दिवस लिहायला बसायची आणि उठायची.

आमच्याकडे एक शिंपी होते. पन्नाशीचे, बडबडे. माझ्या गणवेशाची शिवण बघून म्हणाले होते, "कुणी शिवलंय हो हे? डिस्चार्ज मिळाला की मी नीट करून देतो." आतड्याचं ऑपरेशन झालं, मोठ्या सरांनीच केलं, अगदी नीट झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते बोलायचे थांबले.

त्या दिवशी सकाळच्या बैठकीत मी नव्हते. त्या दिवशी माझं भाषण होतं. समोरच्या इमारतीत, मोठ्या सभागृहात. मी तिथे उभी राहून शंभरेक लोकांना सांगत होते की आमच्या वॉर्डात आता कुणीही कुणालाही काहीही सांगू शकतं. लोक टाळ्या वाजवत होते.

वॉर्डात बारकीची ड्युटी होती. शिंप्यांची नाडी पळत होती. पोट ताठ लागत होतं. अंगाला ताप नव्हता, जखम स्वच्छ होती, म्हणून तिची खात्री होईना. शिंप्यांची बायको तिला म्हणाली, "सिस्टर, यांचं काहीतरी बिघडलंय. हे असे गप्प राहणारे नाहीत." बारकी अक्काकडे गेली. अक्का दुसऱ्या पेशंटची ड्रिप लावत होती. मान वर न करता म्हणाली, "काय गं, परत ज्योतिष?" चिडून नव्हे, थट्टेने. शेजारच्या दोघी हसल्या. बारकीही हसली.

मग ती ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेली. सर आत होते. शिकाऊ डॉक्टर बाहेर आला, त्याने विचारलं, काय काम आहे? ती म्हणाली, "काही नाही, सहज." आणि परत फिरली. शिंप्यांच्या बायकोला तिने सांगितलं, "सरांनी सकाळीच पाहिलंय. सगळं ठीक आहे."

दुपार टळल्यावर शिंप्यांचं बीपी एकदम खाली गेलं. मग सगळे धावले. सर हातमोजे काढायचं विसरून तसेच पळत आले. आतला टाका सुटला होता, विष पोटभर पसरलं होतं. पुन्हा ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी शिंपी गेले.

सर त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नाही. चौकशी झाली तेव्हा बारकीने सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. सर रडवेले होऊन तिला म्हणाले, "अगं, पण मला सांगितलं का नाहीस? मी काय वाघ आहे? त्या पोस्टमनच्या वेळी मी ताटावरून उठून आलो होतो की नाही? तेव्हा तुला एका शब्दाने बोललो?"

ते खोटं बोलत नव्हते, मावशी. खरंच त्यांना कळत नव्हतं. खोलीत आम्ही सगळे होतो. अक्का होती, मामा होते, मी होते. कुणीच सांगितलं नाही की सर, तुम्ही बोलला नाहीत, पण त्यानंतर रोज हसलात. आणि आम्हीही हसलो. मी तर तुला पत्र लिहून ती सुधारणा म्हणून कळवली.

बारकी म्हणाली, "चूक माझीच आहे, सर."

अहवालात लिहिलंय, संबंधित परिचारिकेने वेळीच माहिती दिली नाही, तिला आणखी प्रशिक्षण द्यावं. तिला मेमो मिळाला. त्या दिवसापासून ती रजेवर आहे. मी अधीक्षकांकडे गेले, म्हटलं, चूक एकटीची नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं तोंड बंद केलं. ते म्हणाले, "पण तुमची तर रोज बैठक होते ना? ती तिथे का बोलली नाही?"

जिन्यातला फोटो मामांनी कुणाला न विचारता उतरवला. खिळा तसाच आहे.

तुझी,
ठकू

१७ मे

चि. ठकूस,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही.

स्वतःला खात बसू नकोस. झालं ते फार वाईट झालं, पण वॉर्ड असा मोडू द्यायचा नसतो. आता लोक आणखी मिटतील, आणि त्या मुलीचं आयुष्य वाया जाईल. पोरीला परत आणलं पाहिजे. अक्काला, सरांना, सगळ्यांना कुणीतरी वडीलकीच्या नात्याने चार शब्द सांगायला हवेत. तुझं ते ऐकणार नाहीत, तू त्यांच्यातलीच. माझं ऐकतील.

मी येते. मुलगा गुडघ्यांवरून कटकट करतोय, करू दे. स्टेशनवर मामांना पाठव.

तुझी,
मावशी

५ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गुडघे सुजले आहेत पण जीव शांत आहे. तुझ्याकडे असताना बोलणं झालंच नाही, तू सारखी ड्युटीवर, आणि निघताना गाडीची घाई. म्हणून लिहिते.

बैठकीला मी आले तेव्हा सगळे खुर्च्या सरकवून उभे राहिले. सरसुद्धा! इतक्या वर्षांनी एवढा मान, माझे डोळे भरून आले गं. मी म्हटलं, बाळांनो, आजपासून मनात काही ठेवायचं नाही, सरांनाही सांगायचं, मलाही सांगायचं, भ्यायचं नाही. कुणी मध्ये एक शब्द बोललं नाही. इतकं मन लावून ऐकत होते. मी विचारलं, पटलं ना? सगळे एका सुरात "हो" म्हणाले. अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. तूच काय ती खाली मान घालून उभी होतीस. थकली आहेस, समजतं मला.

आणि आता खरी बातमी. परतायच्या आदल्या दिवशी, तुला न सांगता, मामांना घेऊन मी बारकीकडे गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची खोली आहे. जिन्याला कठडा नाही, मामांनी मला जवळजवळ उचलूनच वर नेलं. पोरीने मला पाहिलं आणि पलंगावरचे कपडे गोळा करायला लागली. मी म्हटलं, राहू दे, बस. तिला समजावलं. म्हटलं, चूक कुणाच्या हातून होत नाही? वॉर्ड तुझं घर आहे. येत्या सोमवारपासून कामावर यायचं, आणि पुन्हा असं तोंड मिटून बसायचं नाही. येशील ना? ती "हो मॅडम" म्हणाली. लगेच म्हणाली, ठकू. विचार करायलाही थांबली नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. निघताना तिने मला पाणी दिलं.

पाहिलंस? एवढंच लागतं. कुणीतरी जाऊन मायेने दोन शब्द बोलायचे.

तुझी,
मावशी

२८ जून

ती. मावशीस,
नमस्कार.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायचं की नाही, हेच ठरत नव्हतं. तू इतक्या आनंदात होतीस. मनात आलं होतं की "बारकी आली, छान चाललंय" असं लिहून टाकावं. मग वाटलं, तुझ्याशीही मी "सगळं ठीक आहे" म्हणायला लागले तर संपलंच.

बारकी आली नाही.

म्हणजे आली होती, गणवेश परत द्यायला. दुपारची वेळ होती, पेशंट झोपले होते. धुवून, इस्त्री करून, घडी घालून आणले होते. मी म्हटलं, अगं, तू मावशीला हो म्हणालीस ना? तर म्हणाली, "मोठ्या मॅडमना नाही कसं म्हणायचं, सिस्टर? एवढ्या जिना चढून आल्या. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं." गणवेशाची घडी पुन्हा सारखी करत म्हणाली, "त्या काकूंनाही असंच आपोआप म्हटलं होतं मी. सगळं ठीक आहे म्हणून."

मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही. कुठे जाणार विचारलं. तिच्या बहिणीचं कापडाचं दुकान आहे, तिथे. म्हणाली, "तिथे चुकलं तर फार तर माप चुकेल." बोलली आणि तिचाच चेहरा उतरला. शिंपी आठवले असणार. मग ती झपाझप निघून गेली. अक्का दारात उभी होती. तिने बारकीला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मला वाटतं तिला बारकीचं खरं नाव आठवेना. हात नुसता वर राहिला.

आता त्या बैठकीचं. तू आलीस, तू बोललीस, आणि ते गप्प होते. मन लावून ऐकत होते म्हणून नव्हे. तू होतीस म्हणून. तू गेल्यावर मी सगळ्यांना विचारलं, मोठ्या मॅडम म्हणाल्या ते पटलं का? झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय म्हणाल्या ते धड ऐकूच आलं नाही, उभं राहून पाय भरून आले होते." तू "बसा" म्हणायची विसरलीस. आणि कुणी तुला सांगितलं नाही. मीही नाही. म्हणून खाली मान घालून उभी होते.

तुला दुखवायला लिहीत नाही. तू पायांना सूज येईपर्यंत माझ्यासाठी धावलीस. पण मग तुला कोण सांगणार?

बैठक बंद केली नाही. सर आता सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. मी विचारायच्या आत तेच विचारतात, "कुणाला काही सांगायचंय?" आवाज मुद्दाम इतका खाली आणतात की ओळखू येत नाही. मग वाट बघतात. कुणी बोलत नाही. परवा ते एका नव्या मुलीला म्हणाले, "चुकलं तरी चालेल, बाळा. मी हसणार नाही." ती मुलगी भीतीने रडायलाच लागली. सर उठून खिडकीपाशी गेले. आम्हाला सगळ्यांना राउंड सुरू करायची घाई झाली.

काय करायचं, मला कळत नाही.

तुझी,
ठकू

१४ जुलै

चि. ठकूस,

तुझं पत्र सूनबाईने आणून दिलं तेव्हापासून उशीखाली आहे. राग आला होता, खोटं कशाला सांगू. चार दिवस आला होता. म्हटलं, एवढं करून हेच ऐकायचं? उत्तर लिहिलं आणि फाडलं. त्यात मी तुला शिष्ट म्हटलं होतं.

मग त्या पोरीचं "हो मॅडम" आठवत राहिलं. किती पटकन म्हणाली होती. मी त्यालाच माया समजले.

तू विचारतेस काय करायचं. मला माहीत नाही, ठकू. माहीत असतं तर हुकूमच सोडला असता, सवय आहे. बैठक चालू ठेव. त्या शिंप्याच्या बायकोकडे कुणी गेलं होतं का? गेलं नसेल तर तू जा. समजूत घालायला जाऊ नकोस. ती काय म्हणते ते ऐक आणि ये. आणि अक्काला म्हणावं, बारकीच्या बहिणीच्या दुकानात जा, काही घेऊ नकोस, सांगू नकोस, नुसती तिच्या खऱ्या नावाने हाक मार. हा हुकूम नाही. तिला वाटलं तर.

काल संध्याकाळी घरात आम्ही दोघीच होतो. सूनबाई ओट्याशी भांडी घासत होती. लग्न होऊन आली त्याला आता किती वर्षं झाली, तिचा मुलगा कॉलेजात जातो. मी तिला विचारलं, "काय गं, मला काही सांगायचं असेल तर तुला भीती वाटते का?"

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "छे हो, आई. असं का विचारता? सगळं छान आहे."

मी पुन्हा विचारलं नाही. उठलेही नाही. तिथेच स्टुलावर बसून राहिले. ती पाठमोरी उभी राहून पातेलं घासत राहिली. ते कधीचंच लख्ख झालं होतं.

तुझी,
मावशी